खळीतली तुरटी

ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत मिलिंद भंगाळेला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि त्याच्याशी चार वाक्यांच्या पुढे बोललंय असंही कुणी नव्हतं. समोरच्यानं काहीही म्हणावं, मिलिंदनं 'बरं' म्हणावं, की विषय संपला. वॅगन दुरुस्तीच्या रेल्वे कारखान्यात याच 'बरं'चं 'ठीक है' व्हायचं, एवढाच फरक. फोरमन म्हणाला हे दार सरळ कर, ठीक है. जोडीदार म्हणाला माझ्याऐवजी आज तू थांब, ठीक है. असा माणूस सगळ्यांनाच आवडतो, कारण त्याला स्वतःला काय आवडतं हे कुणाला विचारावंच लागत नाही.

त्याचे वडील रामकृष्ण भुसावळहून बदलीवर झाशीला आले, परत बदली मागतो मागतो म्हणत इथेच रिटायर झाले आणि इथेच गेले. मागे ठेवल्या त्या दोन खोल्या, पुढे अंगण आणि घरात बोलायची मराठी. मिलिंदपर्यंत येता येता तीही निम्मीच उरली होती. 'बाजारात चाललोय, काही मंगवायचंय का?' असं तो विचारायचा आणि त्याची बायको बकुळ कपाळाला हात लावायची. ती नाशिकची. "तुमची मराठी भुसावळला गाडीत बसली खरी," ती म्हणायची, "पण इटारसीला चहा प्यायला उतरली ती उतरलीच." मिलिंद यावरही 'बरं' म्हणायचा.

बकुळ लग्न होऊन आली त्या वर्षी दिवाळीला तिनं दारात उभं राहून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. विजेच्या माळाच माळा, कंदील एकही नाही. बड़ा बाज़ारात चौकशी केली तर दुकानदारानं तिला रॉकेलचा कंदील काढून दाखवला. ती तशीच पतंगवाल्याकडे गेली, पतंगाचा कागद घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "बांबूच्या कामट्या काढून द्या. लोखंड सरळ करता, बांबू काय अवघड आहे?"

बांबू अवघड होता. त्यानं बोट कापून घेतलं, पण कामट्या काढून दिल्या. बकुळनं त्या दोऱ्यानं बांधून सांगाडा केला, कागद चिकटवला, खाली झिरमिळ्या सोडल्या. दारात तो कंदील लागला तेव्हा गल्लीतली पोरं त्याच्याखाली माना वर करून उभी राहिली. पुढच्या वर्षी ती आपापल्या कात्र्या घेऊनच आली.

तेव्हापासून भंगाळ्यांचं अंगण दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी भरलेलं असायचं. नुसते कंदील नव्हेत. पणत्या रंगवायच्या, जुन्या लग्नपत्रिका कापून तोरणं करायची, आणि कोपऱ्यात मातीचा किल्ला. या किल्ल्यावरून गल्लीतल्या मोठ्या माणसांनी बकुळची बरीच थट्टा केली. डोक्यावर टेकडीवर एवढा खराखुरा किल्ला उभा असताना मातीचा कशाला? बकुळ म्हणायची, "त्याच्यावर आपली माणसं कुठे मांडता येतात?" मग थट्टा करणाऱ्यांच्याच घरून मातीचे शिपाई यायला लागले.

या सगळ्या कारभारात मिलिंदकडे दोनच कामं. कामट्या काढणं आणि खळ शिजवणं. मैदा पाण्यात कालवून मंद गॅसवर तो ढवळत बसायचा, गुठळी होऊ न देता, खळ चकचकीत होईपर्यंत. कागदाला त्यानं कधी हात लावला नाही. त्याचे हात कारखान्यातले, जाड, जागोजाग भाजलेले. पतंगाचा कागद त्याच्या बोटांना अडकून फाटायचा. "तुम्ही आपले मजूर," बकुळ म्हणायची, आणि मजुराला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

ती बकुळ यंदा वैशाखात गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली आणि उठलीच नाही. डॉक्टरनं डोक्यात रक्तस्राव झाला असं सांगितलं. मिलिंदनं ऐकलं आणि तो 'ठीक है' म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला.

तो रडला नाही. जाळताना नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गल्लीत कुणी म्हणालं, मर्द आदमी है. कुणी म्हणालं, कलेजा पत्थर का है. दोन्ही खोटं होतं. त्याला काही होतच नव्हतं. पाय झोपी गेला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसा तो अख्खा झोपी गेला होता. भोंग्याला उठून कारखान्यात जायचा, भोंगा झाला की परत यायचा. समोरच्या रामसखी चाची डबा पाठवायच्या, तो खायचा. एकदा भाजीत मीठच नव्हतं. शमिकानं सांगितलं तेव्हा त्याला समजलं, तोवर त्याची पोळी संपली होती.

शमिका त्याची मुलगी. पाचवीत. आई होती तोवर तिच्याशी मोडकीतोडकी का होईना मराठी बोलायची, कारण बकुळ हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच द्यायची नाही. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. बापाशी ती हिंदीत बोलू लागली, आणि तेही कामापुरतं.

तेराव्याला बकुळचा भाऊ विक्रम नाशिकहून आला होता. चांगला माणूस. बहिणीच्या जाण्यानं निम्मा झाला होता, तरी सगळ्यांची जेवणं झालीत का ते तोच बघत होता. जाताना तो मिलिंदजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "मिलिंदराव, शमिकाला आमच्याकडे राहू द्या. विद्या आहे, पोरं आहेत. इथे दिवसभर ती एकटी. सहामाही झाली की भाऊबीजेला येतो मी, घेऊन जातो."

"बरं," मिलिंद म्हणाला.

विक्रमला वाटलं, केवढं मन मोठं आहे या माणसाचं. मन कसलं मोठं? मन जागेवरच नव्हतं. त्या वेळी कुणी घराचं छप्पर मागितलं असतं तरी तो 'बरं'च म्हणाला असता. शमिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत निघून गेली.

पावसाळा आला, गेला. नवरात्र झालं. दिवाळीच्या तोंडावर भुसावळहून त्याची मोठी बहीण अनुराधाताई हिचा फोन आला.

"मिलिंदा, यंदा आपल्याकडे सण नाही, लक्षात आहे ना? दारी कंदील नाही, घरात तळण नाही. वर्ष व्हायचंय अजून. शेजारचे आणून देतील तेवढं गोड त्या पोरीच्या तोंडात घाल."

"बरं, ताई."

फोन ठेवला आणि दार वाजलं. गल्लीतली पोरं होती. हातात कात्र्या, रंगीत कागदाच्या गुंडाळ्या. पुढे रामसखी चाचींची नात गुड़िया. ती घाबरत घाबरत म्हणाली, "अंकल, इस बार नहीं बनाएँगे क्या? आंटी ने बोला था इस बार चाँद वाला सिखाएँगी."

"ठीक है," मिलिंद म्हणाला.

आता या माणसाला काय म्हणावं? एका कानानं कंदील नको याला 'बरं' म्हणाला, दुसऱ्या कानानं कंदील करू याला 'ठीक है' म्हणाला, आणि दोन्हीच्या मध्ये उभा राहिला. पोरं आत शिरली आणि नेहमीच्या जागी अंगणात बसलीसुद्धा.

सोडवणूक शमिकानं केली. "बुआ ने घर पे लगाने को मना किया है," ती म्हणाली. "ये लोग अपने घर लगाएँगे. मैं अपना नासिक ले जाऊँगी." ती आतून आपली बॅग घेऊन आली, ती उघडून तळाशी वीत टेकवली, मग वर, आणि मापलेली वीत बापापुढे धरली. "इतना छोटा चाहिए. बैग में आ जाए."

मिलिंदनं कामट्या काढल्या. शमिकासाठी आखूड काढल्या, तिच्या वितीच्या मापानं. हात आपोआप चालत होते. मग गॅसवर मैदा चढवला आणि ढवळत बसला. खळ छान झाली, एक गुठळी नाही. पोरांनी दिवसभर चिकटवाचिकटवी केली. चाँदवाला कुणालाच जमला नाही, कारण तो कसा करायचा ते बकुळ आपल्याबरोबर घेऊन गेली होती. सगळ्यांनी चौकोनीच केले. संध्याकाळी ते मागच्या खोलीत दोरीवर ओळीनं वाळत टांगले आणि पोरं घरी गेली. सकाळी घेऊन जाऊ म्हणाली.

सकाळी शमिकानं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथेच थांबली. मिलिंद तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

कंदील खाल्ले होते. घर जुनं, झुरळांचं. भिंतीतून उंदरांच्याही वाटा होत्या. जिथे जिथे खळ लागली होती तिथे तिथे कागद कुरतडलेला. काहींचे कागद सुटून लोंबत होते, काहींचा नुसता सांगाडा उरला होता. शमिकाचा छोटा कंदील सगळ्यात चापूनचोपून चिकटवलेला, म्हणून सगळ्यात जास्त खाल्लेला. खाली जमिनीवर लाल, पिवळे, हिरवे तुकडे सांडले होते.

पोरं आली. गुड़ियानं भोकाड पसरलं, तिचं बघून बाकीच्यांनीही. शमिका रडली नाही. तिनं केरसुणी आणली आणि तुकडे झाडायला लागली.

"मम्मी वाले तो कभी नहीं खाए," ती झाडता झाडता म्हणाली. कुणाला बोल लावावा असा आवाज नव्हता. नुसतं सांगितलं.

पोरं गेल्यावर मिलिंदला वाटलं, आपण काहीतरी बोलायला पाहिजे. तो म्हणाला, "राहू दे. नाशिकला विकत मिळतो. मामा घेऊन देईल."

शमिकानं केर सुपलीत भरला.

"बरं," ती म्हणाली.

महिनोनमहिने तिच्या तोंडून आलेला हा पहिला मराठी शब्द. मिलिंदनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काही म्हणता काही नव्हतं. ती केर टाकायला बाहेर गेली आणि येताना हात धुऊन आली. दहा वर्षांची पोर, वर्षभरात आई गेलेली, मेहनतीनं केलेली वस्तू डोळ्यांदेखत मातीत गेलेली, आणि म्हणते बरं.

तो घाबरला. वैशाखापासून त्याला काही म्हणून वाटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा वाटली ती भीती. हे आपल्यापासून हिला लागलं, त्याच्या मनात आलं. घरात एकाला खोकला झाला की दुसऱ्याला होतो तसं. आणि हे घेऊन ही नाशिकला जाणार, तिथे विद्यामामी विचारेल भाजी आवडली का, ही म्हणेल बरं. आणि सगळे म्हणतील, किती शहाणी मुलगी.

तो अंगणात फेऱ्या मारायला लागला. बकुळचे कंदील का खात नव्हते? मैदा तोच, कागद तोच, घर तेच, झुरळंही बहुधा त्याच घराण्यातली. इतकी वर्षं खळ त्यानंच शिजवली होती. रामसखी चाची फरसाणाची ताटली घेऊन आल्या, त्यांनाही त्यानं विचारलं. आपणहून विचारलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

"नीम डारत हुइएँ," त्या म्हणाल्या. खळीत कडुनिंब घालत असेल, असा त्यांचा अंदाज. मग ताटली ठेवून म्हणाल्या, "काए भैया, मोड़ी खों सच्चीं भेज रए?"

पोरीला खरंच पाठवताय का, एवढाच प्रश्न. त्याला उत्तर तयार होतं, ठीक है म्हटलं की झालं असतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही. चाची गेल्या.

कारखान्याला सुट्टी होती म्हणून दाढी राहिली होती. ती तरी करावी म्हणून तो मोरीपाशी आरसा लावून बसला. निम्मी दाढी झाली आणि गाल कापला. त्यानं हात लांब करून खिडकीतली तुरटी घेतली, ओली केली आणि जखमेला लावली. ती चरचरली. त्यानं तुरटी परत ठेवायला वळवली आणि हात तसाच राहिला.

तुरटीची एक बाजू गुळगुळीत होती, त्याच्या गालांनी झालेली. दुसरी बाजू खरवडलेली होती. सुरीचे चरे, एकावर एक, आडवेतिडवे.

त्याला सगळं आठवलं. खळ होत आली की बकुळ स्वयंपाकघरात यायची, हातात सुरी आणि त्याची तुरटी. "सरका जरा," म्हणायची, आणि पातेल्यावर तुरटी धरून खरवडायची. पांढरा भुगा खळीत पडायचा. तो दर वर्षी तेच म्हणायचा, "अगं, दाढीची आहे ती." ती दर वर्षी तेच म्हणायची, "तुमची दाढी काय झुरळं खाणार आहेत?" ते झालं की सुरी धुऊन ती पोरांत जाऊन बसायची. खळ त्यानं केली असं सगळे म्हणत, तोही म्हणे. शेवटचा हात तिचा असायचा, ते त्यानं कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

निम्म्या दाढीनं, गालावर साबण वाळत चाललेला, तो मोरीच्या कडेला बसून राहिला. वैशाखापासून रोज सकाळी ही तुरटी त्याच्या हातात येत होती. रोज त्यानं गुळगुळीत बाजू गालाला लावून ती जागेवर ठेवली होती. तिच्या हाताची खूण रोज बोटाखाली येत होती आणि बोटाला कळत नव्हती. आता कळली, आणि दुखली. बकुळ नाही. या घरात बकुळ नाही. हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरनं, भटजीनं, ताईनं. पटलं ते आज, दाढीच्या तुरटीनं. त्यानं टॉवेल तोंडावर दाबून धरला, कारण शमिका आत होती.

मग उरलेली दाढी करून तो उठला. मैदा चढवला, ढवळला, चकचकीत झाल्यावर सुरी घेतली. खरवडलेली बाजू त्यानं तशीच राहू दिली. तुरटी फिरवून आपली, गुळगुळीत बाजू खरवडली. पाणी प्यायला आलेली शमिका ते बघून गेली. खळ निवेपर्यंत त्यानं दारात उभं राहून गुड़ियाला हाक मारली. गल्लीत त्याचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता. दोन-तीन खिडक्या उघडल्या.

पोरं पुन्हा बसली. शमिकानं पुन्हा आपला वितीएवढा सांगाडा घेतला आणि मुकाट्यानं कागद कापू लागली. मिलिंद कामट्या काढत होता. या खेपेला त्यानं लांब काढल्या. पोरांना पुरल्या तरी तो काढतच होता. मग त्यानं स्वतःच सांगाडा बांधायला घेतला, त्याच्या छातीएवढा. कागद त्याच्या बोटांना अडकून फाटला, त्यानं दुसरा घेतला. तोही फाटला. गुड़ियाला हसू आलं. तिनं त्याला बोट ओलं करून कागद कसा धरायचा ते दाखवलं, आणि मजूर शिकू लागला.

शमिका बराच वेळ बघत होती.

"ये किसका है?"

"घराचा."

"घर पे तो लगाना नहीं है ना." ती म्हणाली. "और बैग में भी नहीं आएगा."

"नाही यायचा," मिलिंद म्हणाला.

तिनं मान खाली घातली आणि आपल्या कंदिलाला झिरमिळ्या लावायला घेतल्या. तिनं काय समजून घेतलं कोण जाणे. बॅग तिनं त्याच संध्याकाळी भरली.

दुसऱ्या दिवशी सगळे कंदील जसेच्या तसे होते. पोरं आपापले घेऊन नाचत गेली. मोठा मागे राहिला. रामसखी चाची आल्या, कंदिलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, लावणार कुठे? मिलिंदनं सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसाच्या वर्षात लावत नाहीत. चाचींना ते विचित्रच वाटलं. "हमाए मायके एरच में तो जाबे बारन के लानेई टाँगत," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी तो गेलेल्यांसाठीच टांगत. बेतवेच्या घाटावर त्यांचे आजोबा कार्तिक महिनाभर उंच बांबूला दिवा टांगायचे. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. "बाई ने मोड़ा-मोड़ियन खों इत्तो सिखाओ, और ओई के लाने अँधेरो?"

पोरांना एवढं शिकवणारीच्याच वाट्याला अंधार, हे मिलिंदलाही पटेना. त्यानं भुसावळला फोन लावला. "ताई, कंदील लावतोय," तो म्हणाला. "दारात नाही, गच्चीवर. बकुळसाठी." पलीकडून ताई बरंच बोलली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी 'बरं' म्हणाला नाही. ताईच थोड्या वेळानं म्हणाली, "नीट बांध. वारा असतो वर."

गच्चीवर बांबू उभा राहिला आणि मोठा कंदील लागला. थोडा वाकडा होता, एका बाजूला सुरकुत्या होत्या. शमिका रोज संध्याकाळी वर जाऊन त्याखाली उभी राहायची आणि खाली यायची. मिलिंदला तिच्याशी बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत त्यानं कधी कुणाला काही मागितलंच नव्हतं. ते कसं करतात हे त्याला माहीत नव्हतं. कामट्या काढणं त्या मानानं सोपं होतं.

भाऊबीजेला विक्रम आला. ओवाळणारी बहीण नव्हती तरी सवयीनं साडी घेऊन आला होता. ती त्यानं फोटोसमोर ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसला. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मग उद्याच्या गाडीनं निघतो आम्ही. शमिकाचं सामान झालंय ना?"

शमिका बॅग घेऊनच बाहेर आली. वर हातात छोटा कंदील.

दोघंही मिलिंदच्या 'बरं'ची वाट बघत होते.

"नाही," तो म्हणाला. एवढंच. मग त्यालाच ते अपुरं वाटलं. "विक्रम, तेव्हा मी बरं म्हणालो. मला काही कळत नव्हतं तेव्हा. ती मला इथे पाहिजे. चाची आहेत, मी आहे. मला पाहिजे ती."

विक्रमनं शमिकाकडे पाहिलं. शमिकानं बॅग खाली ठेवली. तिचा चेहरा आधी होता तसाच होता, मग हनुवटी हलायला लागली.

"आपने मामा को बरं बोल दिया था," ती म्हणाली. "मैंने सुना था. मेरे से पूछा भी नहीं."

आणि ती रडायला लागली. वैशाखापासूनचं सगळं एकदम आलं. आईसाठीचं, खाल्लेल्या कंदिलासाठीचं आणि दाराच्या चौकटीत ऐकलेल्या त्या एका शब्दासाठीचं. समोरच्या दारात रामसखी चाची येऊन उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसून परत गेल्या. मिलिंद जमिनीवर बसला, तिला जवळ ओढलं आणि म्हणाला, "चुकलं माझं." त्याच्या गळ्यातून निघालेला आवाज त्यालाही ओळखू आला नाही. विक्रम तोंड फिरवून अंगणातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसला.

रडून झाल्यावर शमिकानं नाक पुसलं आणि हातातल्या कंदिलाकडे पाहिलं. तो बॅगेत मावेल असा होता आणि बॅग आता कुठेच जाणार नव्हती. तिनं तो विक्रमपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी गाडीत विक्रम खिडकीशी बसला, मांडीवर कंदील. बापलेक खाली प्लॅटफॉर्मवर. विक्रमनं कंदील फिरवून पाहिला, चिकटवलेल्या कडांवरून बोट फिरवलं.

"आमच्याकडे झुरळं फार आहेत गं," तो म्हणाला. "पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल ना?"

"टिकेल, मामा," शमिका म्हणाली. "बाबांनी तुरटी घातलीय."